व्हेराबाई आणि न दिसणारा पदार्थ

आज आम्ही सांगणार आहोत अमेरिकेतल्या व्हेरा रुबिन यांच्याबद्दल. जन्म १९२८ चा, आणि लहानपणापासून ताऱ्यांचं वेड. पण प्रिन्स्टन विद्यापीठात खगोलशास्त्राच्या वरच्या वर्गात १९७५ पर्यंत बायकांना प्रवेशच नव्हता. मग वॉशिंग्टनला रात्रीचे वर्ग करून त्या १९५४ मध्ये डॉक्टरेट झाल्या. मुलं आईवडील बघायचे, नवरा गाडीने वर्गाला सोडायचा आणि बाहेर थांबायचा.

पालोमारच्या मोठ्या दुर्बिणीवर रीतसर परवानगीने बसलेल्या पहिल्या बाई त्याच, १९६५ मध्ये. तिथे संडास एकच, तोही पुरुषांचा. बाईंनी कागदाचा झगा कापून दारावरच्या पुरुषाच्या चित्राला चिकटवला! आम्हाला हे फार आवडलं.

आता त्यांनी काय पाहिलं ते ऐका. गोफण आपल्याला माहीत आहे. दगड जितका जोरात फिरवाल, तितका दोरीवर ताण जास्त. दोरी कच्ची असली तर दगड सुटलाच. आकाशात दोरीचं काम गुरुत्वाकर्षण करतं. सूर्यापासून लांब ही ओढ कमी, म्हणून जवळचा बुध सेकंदाला ४७ किलोमीटर पळतो आणि लांबचा नेपच्यून जेमतेम ५.

देवयानी दीर्घिकेतही कडेचे तारे असेच रेंगाळतील, असं सगळ्यांना वाटे. व्हेराबाई आणि केंट फोर्ड यांनी मोजलं. १९७० मध्ये निष्कर्ष छापला: कडेलाही वेग सेकंदाला दोनशे किलोमीटरांच्या वर! दिसणाऱ्या ताऱ्यांच्या वजनात एवढी ओढ नाही. मग हे दगड सुटत कसे नाहीत? पुढे आणखी कितीतरी दीर्घिकांत तेच निघालं.

फ्रिट्झ झ्विकी यांनी १९३३ मध्येच दीर्घिकांच्या एका समूहाबद्दल अशी शंका काढली होती. तेव्हा फारसं कुणी मनावर घेतलं नाही.

बहुतेक शास्त्रज्ञ म्हणतात, न दिसणारा पदार्थ भरपूर आहे, त्याचीच ही ओढ. इस्रायलचे मिलग्रोम यांनी १९८३ मध्ये वेगळंच मांडलं: पदार्थ पुरेसा आहे, ओढ फार क्षीण होते तिथे न्यूटनचा नियमच बदलतो. एकेका दीर्घिकेला हे छान लागू पडतं, पण दीर्घिकांच्या समूहांत हिशेब अपुरा पडतो.

गंमत म्हणजे, व्हेराबाईंना स्वतःला नियम बदललेलाच जास्त आवडला असता. २०१६ मध्ये त्या गेल्या. त्या न दिसणाऱ्या पदार्थाचा एक कणही अजून कुणाच्या हाती लागलेला नाही.