पडद्याआडची निवड : अमेरिकेतील सिंफनी वाद्यवृंद आणि समन्यायाचा प्रश्न (१९६२ ते २०२३)

प्रस्तावना

गुणवत्तेची कसोटी जितकी शुद्ध असावी असे आपण मानतो, तितकी ती प्रत्यक्षात क्वचितच असते. पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या सिंफनी वाद्यवृंदाने मात्र अशा शुद्ध कसोटीचा दावा दीर्घकाळ केला. वादकाची निवड केवळ त्याच्या वादनावरून होते, ऐकणाऱ्या कानाला वर्ण, वंश वा लिंग यांच्याशी कर्तव्य नसते, ही या क्षेत्राची दृढ धारणा होती. या धारणेला अमेरिकेत १९६९ साली जाहीर आव्हान मिळाले आणि पुढील अर्धशतकात वाद्यवृंदांना आपली निवडपद्धती वारंवार तपासावी लागली. न्यूयॉर्क फिलहार्मोनिकचे उदाहरण केंद्रस्थानी ठेवून या प्रक्रियेचा ऐतिहासिक आढावा घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. एकाच सुधारणेने स्त्रियांसाठी दारे उघडली, पण कृष्णवर्णीयांसाठी ती जवळजवळ बंदच का राहिली, हा या विवेचनातील मुख्य प्रश्न आहे.

पूर्वपीठिका

न्यूयॉर्क फिलहार्मोनिकची स्थापना १८४२ मध्ये झाली. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेतील प्रमुख वाद्यवृंदांत रिक्त जागा बहुधा संगीत संचालकाच्या मर्जीने आणि ज्येष्ठ वादकांच्या शिफारशीने भरल्या जात. एखाद्या प्रमुख वादकाच्या शिष्यवर्गातून त्याच वाद्यवृंदाला नवे वादक मिळत. जागा रिक्त असल्याची वार्ता या वर्तुळाबाहेर फारशी जात नसे. साहजिकच हे वर्तुळ श्वेतवर्णीय पुरुषांचे राहिले. १९६२ मध्ये व्हायोलिनवादक सॅनफर्ड अ‍ॅलन हे न्यूयॉर्क फिलहार्मोनिकचे पहिले कृष्णवर्णीय कायम सदस्य झाले. १९६६ मध्ये डबल बास वाजवणाऱ्या ऑरिन ओ'ब्रायन या लिओनार्ड बर्नस्टाईन यांच्या कारकिर्दीत पूर्णवेळ सदस्य म्हणून रुजू झाल्या, त्या वेळी एक स्त्री वाद्यवृंदात आली हीच वृत्तपत्रांची बातमी ठरली.

१९६९ ची तक्रार

चेलोवादक अर्ल मॅडिसन आणि डबल बासवादक आर्ट डेव्हिस या दोन कृष्णवर्णीय कलावंतांनी १९६९ मध्ये न्यूयॉर्क शहराच्या मानवी हक्क आयोगाकडे धाव घेतली. फिलहार्मोनिकच्या निवडीत आपल्याला वर्णभेदाने डावलले गेले, अशी त्यांची तक्रार होती. वाद्यवृंदाच्या बाजूने साक्ष देण्यासाठी स्वतः बर्नस्टाईन आयोगापुढे आले. १९७० मध्ये आयोगाने दिलेला निर्णय बारकाईने पाहण्याजोगा आहे. कायम जागांच्या बाबतीत या दोघांचा आरोप आयोगाने मान्य केला नाही. मात्र बदली व जादा वादक घेण्याची पद्धत ओळखीपाळखीवर चालते आणि ती भेदभावाची आहे, असा ठपका त्याने ठेवला.

या निर्णयाचे महत्त्व दुहेरी आहे. बदली वादकाचे काम वरवर दुय्यम वाटते, परंतु नवोदिताला वाद्यवृंदाची शिस्त, संचालकाच्या अपेक्षा आणि सहकाऱ्यांचा परिचय यांचा लाभ याच कामातून होतो. म्हणजेच चाचणीपूर्वीच काही उमेदवारांना मिळणारी आघाडी आयोगाने नेमकी हेरली होती. दुसरे असे की, पारदर्शक चाचणीचा आग्रह या प्रकरणामुळे बळावला.

पडद्याचा प्रयोग आणि स्त्रियांचा प्रवेश

उमेदवाराने पडद्याआडून वाजवावे आणि परीक्षकांनी केवळ ऐकावे, ही पद्धत बॉस्टन सिंफनीने १९५२ मध्येच वापरून पाहिली होती. १९७० नंतर ती इतरत्र रूढ होत गेली. टाचांच्या आवाजावरून स्त्री ओळखू येऊ नये म्हणून काही ठिकाणी रंगमंचावर गालिचा अंथरला जाई. रिक्त जागांची जाहिरात देणे आणि वादकांची निवड समिती नेमणे हेही याच काळात सार्वत्रिक झाले.

या बदलाचा अभ्यास क्लॉडिया गोल्डिन आणि सेसिलिया राऊझ या अर्थशास्त्रज्ञांनी २००० मध्ये प्रसिद्ध केला. अमेरिकेतील पाच अग्रगण्य वाद्यवृंदांत १९७० मध्ये स्त्रियांचे प्रमाण ५ टक्क्यांहून कमी होते, ते शतकाच्या अखेरीस सुमारे २५ टक्क्यांपर्यंत पोहोचले. पडद्यामुळे प्राथमिक फेरीतून पुढे जाण्याची स्त्रियांची शक्यता सुमारे ५० टक्क्यांनी वाढते, हा त्यांचा निष्कर्ष जगभर उद्धृत झाला. त्यातील आकडेमोडीच्या अनिश्चिततेवर पुढे आक्षेप घेतले गेले, हेही येथे नोंदवणे उचित ठरेल.

मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता यांचा उल्लेख या संदर्भात महत्त्वाचा ठरतो. स्त्रियांनी वाद्यवृंदात असू नये, असे मत त्यांनी १९७० मध्ये व्यक्त केल्याची नोंद गोल्डिन आणि राऊझ यांच्या निबंधात आढळते. हेच मेहता १९७८ ते १९९१ या काळात न्यूयॉर्क फिलहार्मोनिकचे संगीत संचालक होते, आणि १९८० नंतर त्या वाद्यवृंदातील नव्या नेमणुकांपैकी सुमारे निम्म्या स्त्रियांच्या होत्या, असेही तोच अभ्यास सांगतो. संचालकाच्या वैयक्तिक मतावर अवलंबून न राहणारी प्रक्रिया उभी राहिली की इतिहास कसा वळतो, याचे हे बोलके उदाहरण होय. २०२२ च्या अखेरीस या वाद्यवृंदात ४५ स्त्रिया आणि ४४ पुरुष अशी स्थिती आली.

पडद्याची मर्यादा

टिंपनीवादक एलेन जोन्स यांचे उदाहरण या यशोगाथेची दुसरी बाजू दाखवते. पडद्याआडच्या चाचणीतून त्यांची १९७२ मध्ये सॅन फ्रान्सिस्को सिंफनीत निवड झाली. संगीत संचालक सेइजी ओझावा यांचा त्यांना पाठिंबा होता. परंतु परिवीक्षा काळ संपताना, १९७४ मध्ये, सहवादकांच्या समितीने त्यांना कायम करण्यास नकार दिला. त्यांच्यासोबत बसूनवादक रिओहेइ नाकागावा यांनाही नाकारण्यात आले. जोन्स यांनी वर्ण व लिंग यांवरून भेदभाव झाल्याचा दावा न्यायालयात केला, तथापि ते पद त्यांना परत मिळाले नाही. निवडीच्या दिवशी असलेला पडदा पुढील दोन वर्षांच्या सहवासात नव्हता.

त्याउलट मार्ग डेट्रॉइट येथे १९८९ मध्ये अवलंबिला गेला. बहुसंख्य कृष्णवर्णीयांच्या या शहरातील वाद्यवृंदात एकच कृष्णवर्णीय वादक होता. मिशिगन राज्याच्या कृष्णवर्णीय लोकप्रतिनिधींनी शासकीय अनुदान रोखण्याचा इशारा दिल्यावर डबल बासवादक रिचर्ड रॉबिन्सन यांना चाचणीशिवाय घेण्यात आले. अशा निवडीने आपल्या योग्यतेविषयी शंका घेतली जाईल, ही खंत या वादात कृष्णवर्णीय कलावंतांकडूनच व्यक्त झाली. संचालक जेम्स डिप्रीस्ट यांनी तर या वातावरणात डेट्रॉइटच्या संगीत संचालकपदाचा विचार करण्यास नकार दिला. सॅनफर्ड अ‍ॅलन यांनीही १९७७ मध्ये फिलहार्मोनिक सोडताना, प्रतीक म्हणून वावरण्याचा कंटाळा आल्याचे सांगितले होते. एकट्या प्रतिनिधीवर पडणारा हा भार समावेशनाच्या चर्चेत सहसा दुर्लक्षिला जातो.

चाचणीपूर्वीचा प्रवास

अमेरिकन वाद्यवृंद संघाच्या पाहणीनुसार २०१४ मध्ये वाद्यवृंदांतील कृष्णवर्णीय वादकांचे प्रमाण १.८ टक्के होते. २०२३ च्या अहवालात ते २.४ टक्के आढळते. न्यूयॉर्क फिलहार्मोनिकमध्ये १९६९ साली एक कृष्णवर्णीय सदस्य होता, आणि २०२० साली, २०१४ पासून प्रमुख क्लॅरिनेटवादक असलेल्या अँथनी मॅकगिल यांच्या रूपाने, एकच होता. याच वर्षी समीक्षक अँथनी टॉमासिनी यांनी पडदा हटवावा, अशी मांडणी केल्यावर मोठा वाद झाला.

स्त्रिया आणि कृष्णवर्णीय यांच्या अनुभवांतील या तफावतीचे कारण चाचणीच्या आधीच्या काळात शोधावे लागते. संगीत महाविद्यालयांत श्वेतवर्णीय मुली पूर्वीपासूनच शिकत होत्या. त्या दारापर्यंत पोहोचल्या होत्या, केवळ दार बंद होते. पडद्याने ते उघडले. कृष्णवर्णीय मुलांच्या बाबतीत लहानपणापासूनचे खासगी शिक्षण, महागडे वाद्य, उन्हाळी शिबिरे आणि चाचणीसाठी स्वखर्चाने करावयाचा प्रवास हेच अडथळे होते. हे ओळखून अ‍ॅरन ड्वॉर्किन यांनी १९९७ मध्ये स्फिंक्स ही संस्था स्थापन केली. कृष्णवर्णीय व लॅटिनो तरुण वादकांना स्पर्धा, शिक्षण व शिष्यवृत्ती देणे हे तिचे कार्य आहे. २०१८ पासून तिच्या पुढाकाराने चाचणीच्या तयारीसाठी मार्गदर्शन आणि प्रवासखर्चही दिला जाऊ लागला.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की वाद्यवृंदातील निवड ही एक साखळी आहे. बालवयातील शिक्षण, बदली वादकाचे काम, चाचणी, परिवीक्षा आणि कायम नेमणूक हे तिचे दुवे होत. पडद्याने यांपैकी एका दुव्यातील अन्याय बऱ्याच अंशी दूर केला, आणि ते कार्य लहान नव्हते. परंतु १९७० च्या निर्णयाने दाखवलेला आधीचा दुवा आणि जोन्स यांच्या वाट्याला आलेला नंतरचा दुवा यांवर कोणताही पडदा पुरेसा पडत नाही. निवड समितीची निःपक्षपाती वृत्ती ही समन्यायाची आवश्यक अट आहे; समितीसमोर कोण पोहोचू शकले आणि निवडीनंतर कोण टिकू शकले, या दोन नोंदी ठेवल्याशिवाय ती वृत्ती फळाला आली किंवा नाही, हे कोणत्याही संस्थेला सांगता येणार नाही.