दुसरा डॉक्टर (डॉक्टर हू)

दुसरा डॉक्टर हे बीबीसीच्या 'डॉक्टर हू' या ब्रिटिश विज्ञानकल्पित दूरचित्रवाणी मालिकेतील नायकाचे दुसरे रूप होय. ही भूमिका पॅट्रिक ट्राउटन यांनी १९६६ ते १९६९ या काळात साकारली. त्यांच्यापूर्वी तीन वर्षे विल्यम हार्टनेल हे डॉक्टर होते. प्रकृतीच्या अस्वास्थ्यामुळे हार्टनेल यांना काम पुढे चालवणे अशक्य झाले, तेव्हा निर्मात्यांनी त्यांच्यासारखा दिसणारा नट शोधला नाही. नायकाचे शरीर व स्वभाव दोन्ही पालटतात आणि तरीही तो तोच राहतो, असे त्यांनी कथेतच घडवून आणले. एरवी मालिकेतला नट बदलला की पात्राचे नाव व वेश तोच ठेवावा आणि प्रेक्षकांनी फरकाकडे डोळेझाक करावी, असा रिवाज असतो. येथे तो फरक हाच कथेचा विषय झाला. पुढे या मालिकेत जे जे नवे नायक आले त्यांची वाट या एका निर्णयाने मोकळी झाली.

पार्श्वभूमी

'डॉक्टर हू'चा पहिला भाग शनिवार, २३ नोव्हेंबर १९६३ रोजी प्रक्षेपित झाला. आदल्याच दिवशी अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांची हत्या झाली होती. त्यामुळे पुढच्या आठवड्यात दुसऱ्या भागाच्या आधी पहिला भाग पुन्हा दाखवण्यात आला. बीबीसीच्या नाट्यविभागाचे प्रमुख सिडनी न्यूमन हे मालिकेच्या कल्पनेमागील मुख्य व्यक्ती, तर व्हेरिटी लँबर्ट या पहिल्या निर्मात्या होत. पहिल्या कथेचे दिग्दर्शक वारिस हुसेन यांचा जन्म लखनौचा. इंग्रजीत लेखन करणाऱ्या कादंबरीकार अटिया हुसैन यांचे ते पुत्र.

बाहेरून पोलिसांच्या निळ्या टेलिफोन-खोक्यासारखे दिसणारे, आत मात्र प्रशस्त असलेले 'टार्डिस' नावाचे यान घेऊन डॉक्टर काळात आणि अवकाशात हिंडतो. हार्टनेल यांनी रंगवलेला डॉक्टर पांढऱ्या केसांचा, तापट, हट्टी आणि तरीही आतून मायाळू असा आजोबा होता. चित्रपटांत लष्करी हवालदाराच्या कडक भूमिका करून त्याच साच्यात अडकलेल्या या नटाला मुलांचे प्रेम मिळाले ते या भूमिकेमुळे.

त्या काळी मालिका वर्षाचे चाळीसहून अधिक आठवडे चालत असे. आठवडाभर तालीम आणि एका संध्याकाळी पंचवीस मिनिटांच्या भागाचे जवळजवळ सलग ध्वनिचित्रमुद्रण, असा क्रम होता. चित्रफीत कापून जोडणे खर्चाचे आणि किचकट असल्यामुळे मुद्रण मध्येच थांबवण्याची सवलत फारशी नसे. परिणामी नट अडखळला तर ते अडखळणे बहुधा तसेच प्रेक्षकांपर्यंत पोहोचे. हार्टनेल यांना रक्तवाहिन्या कठीण होत जाण्याचा विकार जडला होता. १९६६ पर्यंत वाक्ये ध्यानात राहणे त्यांना अवघड होऊ लागले आणि चिडचिडही वाढली. लँबर्ट १९६५ मध्ये मालिका सोडून गेल्या होत्या, सुरुवातीचे तिन्ही सहकलाकारही गेले होते. आरंभीच्या मंडळींपैकी आपण एकटेच उरलो आहोत आणि मालिकेची खरी ओळख आपणच जपून आहोत, या भावनेतून नव्या निर्मात्यांशी त्यांचे खटके उडत.

नायक बदलण्याचा निर्णय

नायकाचा चेहरा बदलण्याचा विचार सर्वप्रथम लँबर्ट यांच्यानंतर आलेले निर्माते जॉन वाइल्स यांनी केला. एप्रिल १९६६ मध्ये प्रक्षेपित झालेल्या 'द सेलेस्टियल टॉयमेकर' या कथेत डॉक्टर काही काळ अदृश्य होतो. तो पुन्हा दिसू लागेल तेव्हा वेगळ्या नटाच्या रूपात दिसावा, असा त्यांचा बेत होता. वरिष्ठांनी तो नामंजूर केला आणि वाइल्स मालिकेतून बाहेर पडले. हा बेत तडीस गेला असता तर बदल एका खलपात्राच्या खोडसाळपणामुळे झाला असता. नायकाच्या स्वतःच्या प्रकृतीशी त्याचा संबंध राहिला नसता. तसे घडते तर ती युक्ती दुसऱ्यांदा वापरता आली असती का, याची शंका वाटते.

वाइल्स यांच्या जागी आलेले इनेस लॉइड आणि पटकथा-संपादक गेरी डेव्हिस यांच्यापुढे तोच प्रश्न पुन्हा उभा राहिला. हार्टनेल यांनाच पुढे ठेवणे म्हणजे भाग वेळेवर पूर्ण होतील की नाही ही टांगणी. त्यांच्यासारखा नट आणणे म्हणजे त्याला जन्मभर नकलाकार ठरवणे. मालिका बंद करणे हा मार्ग उरत होताच, पण ती लोकप्रिय होती. १९६५ च्या चित्रपटात पीटर कुशिंग यांनी हीच भूमिका केली होती खरी. परंतु चित्रपटाचे जग वेगळे असल्याने त्या बदलाचा खुलासा करण्याची गरज पडली नव्हती. मालिकेत ती पळवाट नव्हती.

डॉक्टर हा पृथ्वीवरचा माणूस नाही, एवढेच तोवर प्रेक्षकांना ठाऊक होते. लॉइड व डेव्हिस यांनी याच संदिग्धतेचा आधार घेतला. जो माणूस नाही त्याचे शरीर माणसासारखेच झिजून संपले पाहिजे असे कोठे आहे? जीर्ण झालेले शरीर टाकून तो नवे धारण करू शकेल, ही कल्पना यातून निघाली. बीबीसीच्या अंतर्गत टिपणात या स्थित्यंतराची तुलना एलएसडी या मादक द्रव्याच्या भयावह अनुभवाशी केलेली आढळते. शनिवारी सायंकाळी मुलांनी पाहायच्या मालिकेसाठी हा दाखला चमत्कारिक खरा, पण बदल हा सुखद चमत्कार न वाटता क्लेशकारक वाटावा, हा त्यामागचा हेतू स्पष्ट आहे.

नटाची निवड

पॅट्रिक ट्राउटन यांचा जन्म २५ मार्च १९२० रोजी लंडन येथे झाला. दुसऱ्या महायुद्धात ते ब्रिटिश नौदलात होते. १९५३ मध्ये बीबीसीवर रॉबिन हूडची भूमिका करून ते दूरचित्रवाणीवरील पहिले रॉबिन हूड ठरले. त्यानंतर त्यांनी ऐतिहासिक, धार्मिक, गुन्हेगारी अशा नाना प्रकारच्या मालिकांत दुय्यम पण लक्षात राहणाऱ्या भूमिका केल्या. प्रत्येक भूमिकेत वेगळे दिसणारा आणि म्हणूनच रस्त्यात कोणी न ओळखणारा नट, अशी त्यांची ख्याती होती. एका ठरावीक प्रतिमेच्या शोधात नसलेल्या निर्मात्यांना नेमका असाच नट हवा होता.

विचारणा झाली तेव्हा ट्राउटन आयर्लंडमध्ये 'द व्हायकिंग क्वीन' या चित्रपटाचे काम करीत होते. ते लगेच राजी झाले नाहीत. लोकांच्या मनात ठसलेल्या नटाची जागा घेणे त्यांना धोक्याचे वाटत होते, आणि एका भूमिकेत कायमचे अडकण्याचीही भीती होती. आपण आल्यावर मालिका फार दिवस तग धरणार नाही, असा त्यांचा अंदाज होता.

व्यक्तिरेखेची घडण

नवा डॉक्टर कसा असावा, याविषयी आरंभी कोणाचेच मत पक्के नव्हते. शेरलॉक होम्ससारखा तर्कनिष्ठ, अधिकारवाणीने बोलणारा पुरुष, असे एक चित्र लेखी टिपणात होते. ट्राउटन यांनी स्वतः जुन्या गलबताचा कप्तान सुचवला. चेहरा रंगवून, फेटा बांधून अरबी सुरस कथांतल्या पात्रासारखे दिसण्याचाही विचार त्यांनी मांडला. भूमिका संपल्यावर आपल्याला कोणी ओळखू नये, हे त्यामागचे कारण होते. आज अशी सूचना कोणी ऐकूनही घेणार नाही. ती तेव्हाही मागे पडली हे बरे झाले.

अखेर मार्ग दाखवला तो सिडनी न्यूमन यांनी. चार्ली चॅप्लिनच्या भटक्यासारखा, परंतु विश्वभर हिंडणारा एक फाटका फिरस्ता, असे त्यांनी सुचवले. मग पोशाख ठरला: अंगाला मोठा होणारा काळा कोट, ढगळ चौकटीची विजार, गळ्याशी वाकडा बो आणि उंच नळकांडी टोपी. कुरळ्या केसांचा एक टोपही आणण्यात आला होता. तो घालून ट्राउटन आले तेव्हा सहकलाकार अ‍ॅनेके विल्स व मायकेल क्रेझ यांनी त्यांच्यासोबत उभे राहण्यास नकार दिला, असे सांगितले जाते. टोप गेला आणि ट्राउटन यांचे स्वतःचे केसच कपाळावर ओढून बीटल्स मंडळींच्या धर्तीवर विंचरण्यात आले. हातात रेकॉर्डर हे पाव्यासारखे वाद्य आले. अडचणीचा प्रश्न विचारला की नवा डॉक्टर ते वाजवू लागे आणि उत्तर टाळी.

पोशाखापेक्षा महत्त्वाचा होता तो वागण्यातला फरक. पहिला डॉक्टर खोलीत शिरला की सर्वांचे लक्ष वेधून घेई. दुसरा कोपऱ्यात उभा राहून ऐकत राही. तो घाबरल्यासारखा दिसे, बावळटपणाचे सोंग आणी, आणि समोरच्याने त्याला हिशेबातून वगळले की मग डाव साधी. वेंधळेपणामागची ही सावध बुद्धी ट्राउटन बहुधा केवळ नजरेतून दाखवीत. आपले भाष्य कमी करावे आणि इतरांना बोलू द्यावे, हा त्यांचा आग्रह तालमीत मान्य झाला. नव्या स्वभावाचा बराचसा भाग संहितेतून आलेला नसून या तालमींत घडलेला आहे.

रूपांतराचे दृश्य

हार्टनेल यांची अखेरची कथा 'द टेन्थ प्लॅनेट' ८ ते २९ ऑक्टोबर १९६६ या काळात चार भागांत प्रक्षेपित झाली. दिग्दर्शक डेरेक मार्टिनस होते. तिसऱ्या भागाच्या वेळी हार्टनेल आजारी पडल्याने डेव्हिस यांना त्यांची वाक्ये इतरांत वाटून द्यावी लागली आणि त्या भागात डॉक्टर बेशुद्ध असल्याचे दाखवावे लागले. योगायोगाने ही अडचण कथेच्या पथ्यावर पडली: डॉक्टरचे शरीर थकले आहे, हे वेगळे सांगण्याची गरज उरली नाही.

चौथ्या भागाच्या शेवटी डॉक्टर टार्डिसमध्ये जमिनीवर कोसळतो. पडदा प्रखर उजेडाने भरून जातो आणि उजेड ओसरल्यावर तेथे दुसराच चेहरा दिसतो. यासाठी दोन्ही नटांना जमिनीवर निजवून त्यांच्या प्रतिमा एकमेकींत मिसळण्यात आल्या. दृश्यमिश्रण करणाऱ्या शर्ली कावर्ड यांनी यंत्रातील एका दोषामुळे प्रतिमा फुटून उजळते हे हेरून त्याचाच उपयोग केला. या दृश्यात खुलासा करणारे एकही निवेदन नाही. ज्या प्रेक्षकांनी वर्तमानपत्रातील बातमी वाचली नव्हती, त्यांना आपण काय पाहिले हे समजण्यासाठी आठवडाभर थांबावे लागले.

या घटनेला तेव्हा ठरावीक नाव नव्हते. पुढच्या कथेत नूतनीकरण अशा अर्थाचा शब्द येतो. 'रिजनरेशन' ही संज्ञा मालिकेत १९७४ मधील 'प्लॅनेट ऑफ द स्पायडर्स' या कथेपासून रूढ झाली. मराठीत तिला 'पुनर्जन्म' म्हटल्याचे आढळते, ते नेमके नाही. कारण येथे गर्भवासही नाही आणि पूर्वस्मृतीचा लोपही नाही. आयुर्वेदातील 'कायाकल्प' हा शब्द अधिक जवळचा आहे, मात्र कायाकल्पात माणसाचा स्वभाव बदलत नाही, एवढे ध्यानात ठेवावे.

'द पॉवर ऑफ द डालेक्स'

ट्राउटन यांची पहिली कथा ५ नोव्हेंबर ते १० डिसेंबर १९६६ या काळात सहा भागांत आली. मूळ लेखन डेव्हिड व्हिटेकर यांचे. नव्या नायकाच्या स्वभावाशी जुळवून घेण्यासाठी डेनिस स्पूनर यांनी संहितेवर पुन्हा हात फिरवला. दिग्दर्शन क्रिस्टोफर बॅरी यांचे होते.

नव्या नटाला प्रेक्षकांसमोर आणताना ही कथा घाई करीत नाही. पहिल्या भागात डॉक्टर आपण डॉक्टर आहोत असे सरळ सांगतच नाही. तो स्वतःविषयी तृतीयपुरुषी बोलतो. आरशात पाहतो तर क्षणभर जुना चेहरा दिसतो. बोटातली जुनी अंगठी सैल होऊन गळून पडते. पॉली या सहप्रवासिनीला तोच हा अशी खूण पटते. बेन हा खलाशी मात्र या माणसाला तोतया समजतो. प्रेक्षकांच्या मनातील शंका बेनच्या तोंडी घालून लेखकाने तिला वाट करून दिली, आणि शंका घेणाऱ्याला मूर्ख ठरवले नाही.

निवाडा होतो तो शत्रूकडून. पृथ्वीवासीयांच्या व्हल्कन नावाच्या वसाहतीत लेस्टरसन हा शास्त्रज्ञ निपचित पडलेल्या डालेकांना पुन्हा चेतना देतो. आज्ञाधारक सेवकाचे सोंग घेतलेला डालेक डॉक्टरकडे वळतो आणि त्याला ओळखतो. मित्र साशंक असताना वैऱ्याने ओळख पटवावी, ही योजना फार विचारपूर्वक केलेली आहे. डालेकांना या कथेत आणण्यामागे लोकप्रियतेचा हिशेब असला तरी त्यांच्याकडून करून घेतलेले काम त्याहून मोठे आहे.

प्रतिसाद संमिश्र होता. विद्वान म्हाताऱ्याचा विदूषक केला, अशी तक्रार बीबीसीच्या प्रेक्षक-पाहणीत काहींनी नोंदवली. या तक्रारीत अगदीच तथ्य नव्हते असे नाही. सुरुवातीच्या कथांत वेषांतरे व माकडचेष्टा जरा अधिकच होत्या. १९६७ च्या आरंभापासून त्या कमी झाल्या, उंच टोपीही गेली, आणि फ्रेझर हाइन्स यांच्या जेमी या पात्राशी जमलेल्या जोडीने डॉक्टर स्थिरावला.

परंपरा

ट्राउटन यांनी तीन वर्षांनी भूमिका सोडली. 'द वॉर गेम्स' (१९६९) या त्यांच्या अखेरच्या कथेत डॉक्टरच्या जातीचा, म्हणजे टाइम लॉर्ड यांचा, प्रथमच उल्लेख आला आणि चेहरा बदलणे ही त्याला दिलेली शिक्षा ठरली. जानेवारी १९७० मध्ये जॉन पर्टवी आले. पीटर डेव्हिसन यांना ट्राउटन यांनी तीन वर्षांहून अधिक काळ ही भूमिका करू नये असा सल्ला दिला होता आणि तो त्यांनी पाळला. २००९ मध्ये अकराव्या डॉक्टरसाठी निवड झालेले मॅट स्मिथ यांनी 'द टूम ऑफ द सायबरमेन' (१९६७) ही ट्राउटन यांची कथा पाहून भूमिकेची दिशा ठरवल्याचे सांगितले आहे. २०१७ मध्ये जोडी व्हिटेकर यांच्या निवडीने डॉक्टर प्रथमच स्त्रीरूपात आला. तशी सूचना न्यूमन यांनी १९८६ मध्येच बीबीसीला केली होती.

हार्टनेल यांचे १९७५ मध्ये निधन झाले. त्यांच्या मालिकेतील दिवसांवर आणि त्या निरोपावर 'अ‍ॅन अ‍ॅडव्हेंचर इन स्पेस अँड टाइम' हा दूरचित्रवाणीपट २०१३ मध्ये निघाला; त्यात हार्टनेल यांची भूमिका डेव्हिड ब्रॅडली यांनी केली आहे. ट्राउटन २८ मार्च १९८७ रोजी अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात मालिकेच्या चाहत्यांच्या मेळाव्याला गेले असताना वारले.

चित्रफितींचा नाश

ट्राउटन यांच्या ११९ भागांपैकी पन्नासहून अधिक भाग आज उपलब्ध नाहीत. चित्रफिती महाग होत्या, त्या पुसून पुन्हा वापरल्या जात, आणि करारांमुळे जुने भाग पुन्हा दाखवण्यावर मर्यादा असल्याने ते जपण्याचे कारण कोणाला दिसले नाही. परदेशी वाहिन्यांना पाठवलेल्या प्रतींमुळे काही वाचले: 'द टूम ऑफ द सायबरमेन' हाँगकाँगमध्ये मिळाली, तर २०१३ मध्ये नायजेरियातून आणखी दोन कथांचे भाग परत आले. 'द पॉवर ऑफ द डालेक्स'चा मात्र एकही भाग पूर्ण स्वरूपात सापडलेला नाही. चाहत्यांनी घरी दूरचित्रवाणी संचासमोर मुद्रित केलेला आवाज आणि पडद्यावरून टिपलेली स्थिरचित्रे शिल्लक आहेत. त्यांच्या आधारे बीबीसीने तयार केलेली सचेतनपटाची आवृत्ती ५ नोव्हेंबर २०१६ रोजी, मूळ प्रक्षेपणाला पन्नास वर्षे झाली त्या दिवशी, प्रसिद्ध झाली. हार्टनेल यांच्या अखेरच्या कथेचा चौथा भागही नष्ट झाला आहे. त्यातील रूपांतराचे काही सेकंद 'ब्लू पीटर' या मुलांच्या कार्यक्रमात १९७३ मध्ये वापरले गेले होते, म्हणून तेवढे राहिले.