मैदानाच्या कडेचा खेळाडू

श्रोतेहो, फुटबॉलच्या खेळांत गोल करणाऱ्याचें नांव सर्वतोमुखीं होतें. गोल अडविणाऱ्याचेंही थोडेंबहुत कौतुक होतें. परंतु मैदानाच्या कडेनें सारखा पुढें-मागें धांवणारा, हल्ल्याच्या वेळीं आघाडीला आणि संकटाच्या वेळीं पिछाडीला साहाय्य करणारा जो मधल्या फळींतला खेळाडू, त्याच्याकडे प्रेक्षकांचें लक्ष क्वचितच जातें. आंतरराष्ट्रीय फुटबॉलमध्यें या खेळाडूला महत्त्व कसें आलें, ती हकीकत आज सांगावयाची आहे. आणि तिचा आरंभ एका पराभवापासून करणें योग्य होईल.

१६ जुलै १९५० रोजीं रिओ दि जानेरो येथील माराकाना क्रीडागारांत विश्वचषकाचा निर्णायक सामना झाला. सामना नुसता बरोबरींत सुटला तरी ब्राझिलला पुरे होतें, आणि तेथें जमलेल्या सुमारें दोन लाख लोकांना विजयाविषयीं शंका नव्हती. मध्यंतरानंतर लगेच ब्राझिलनें पहिला गोलही केला. परंतु उरुग्वेचा उजवा विंगर गिजिया हा ब्राझिलच्या डाव्या बाजूनें पुनःपुन्हा मुसंडी मारूं लागला, आणि त्या बाजूचा हाफबॅक बिगोदे याला तो आवरेना. ६६ व्या मिनिटास गिजियानें त्याला मागें टाकून चेंडू आंत दिला व स्कियाफिनोनें गोल केला. ७९ व्या मिनिटास तो पुन्हा त्याच वाटेनें आला. आतांही तो चेंडू आंतच देईल या समजुतीनें गोलरक्षक बार्बोझा किंचित् पुढें सरकला, आणि खांबाजवळच्या फटींतून गिजियानें स्वतःच गोल मारला. तो अफाट समुदाय निःशब्द झाला. पराभवाचा दोष बार्बोझाच्या माथीं आला आणि २००० सालीं त्याचें निधन होईपर्यंत तो सुटला नाहीं.

त्या दिवशीं क्रीडागारांत बंदोबस्तासाठीं नेमलेल्या सैनिकांत १८ वर्षांचा एक तरुण होता. त्याचें नांव मारियो झागालो.

जुन्या पद्धतींत विंगरचें काम ठरलेलें असे. त्यानें रेषेलगत उभें राहावें, चेंडू मिळतांच प्रतिपक्षाच्या बॅकला चकवावें आणि चेंडू गोलसमोर टाकावा. चेंडू प्रतिपक्षाकडे गेला म्हणजे त्याचें कर्तव्य जवळजवळ संपे. १९५८ च्या विश्वचषकासाठीं ब्राझिलचा संघ स्वीडनला गेला, तो चार बॅक, मध्यें दोघे आणि पुढें चार फॉरवर्ड अशी रचना घेऊन. हल्ल्याला व बचावाला माणसें भरपूर झालीं. परंतु मधला एवढा विस्तीर्ण प्रदेश दोघांनींच सांभाळावयाचा, ही त्या रचनेची उणीव होती.

ती उणीव डावा विंगर झागालो यानें भरून काढली. चेंडू हातचा गेला कीं तो मागें येऊन मधल्या फळींतला तिसरा गडी होई. चेंडू परत मिळाला कीं पुन्हा आघाडीला जाऊन मिळे. तो मागची बाजू राखी म्हणून डावा बॅक निल्टन सांतोस याला पुढें जाण्यास मोकळीक मिळे, आणि उजव्या कडेला गारिंचा आपल्या अद्भुत हुलकावण्या निर्धास्तपणें दाखवूं शके. पहिल्या चार सामन्यांत ब्राझिलवर एकही गोल झाला नाहीं. २९ जून १९५८ रोजीं अंतिम सामन्यांत स्वीडनचा ५-२ असा पराभव झाला. चौथा गोल झागालोचा होता, आणि पांचवा त्यानें दिलेल्या चेंडूवर पेलेनें डोक्यानें केला. ब्राझिलांतील लोक झागालोला ‘लहान मुंगी’ म्हणत, तें त्याच्या या अविरत कष्टांमुळेंच.

१९५० ची जखम भरण्यासाठींच ही योजना केली गेली, असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. तथापि ज्या डाव्या बाजूनें ब्राझिलचें सर्वस्व हरपलें, त्याच बाजूला, तो पराभव डोळ्यांनीं पाहिलेला सैनिक आठ वर्षांनीं पहारा देत होता, हा योगायोग विलक्षण खरा. १९६२ सालीं चिलीमध्यें ब्राझिलनें पुन्हा विश्वचषक जिंकला, तेव्हां मधली फळी उघडपणें तिघांची झाली होती.

चार वर्षांनीं इंग्लंडच्या आल्फ रॅम्सेनें याच्याही पुढें पाऊल टाकलें. पहिल्या तीन सामन्यांत त्यानें प्रत्येक वेळीं एकेक विंगर खेळवून पाहिला. पुढें विंगर अजिबात वगळले आणि ॲलन बॉल व मार्टिन पीटर्स या मधल्या फळींतल्या खेळाडूंवर दोन्ही कडा सोंपविल्या. ३० जुलै १९६६ रोजीं वेम्ब्ली येथें पश्चिम जर्मनीविरुद्ध जादा वेळ खेळावा लागला, तेव्हां २१ वर्षांचा बॉल उजव्या कडेनें धांवतच राहिला. त्याच्याच पासवर हर्स्टनें तिसरा गोल केला, आणि सामना ४-२ असा इंग्लंडनें जिंकला.

या बदलांत कांहीं हरपलेंही. रेषेलगतच्या त्या मनस्वी विंगरचें वैभव ओसरलें, याची रसिकांना हळहळ वाटली, आणि ती अयोग्य नव्हती. परंतु गारिंचाचा मनस्वीपणाही झागालोच्या कष्टांवर उभा होता, हें विसरून चालणार नाहीं.

झागालो ५ जानेवारी २०२४ रोजीं, वयाच्या ९२ व्या वर्षीं निवर्तला. श्रोतेहो, पुढच्या खेपेस सामना पाहतांना चेंडूवरची दृष्टि क्षणभर काढून मैदानाच्या कडेकडे पाहावें. आपल्या संघाचा चेंडू गेल्यावर तेथील खेळाडू कोणत्या दिशेनें धांवतो, तेवढें पाहिलें तरी त्या संघाची पुष्कळशी परीक्षा होते.