आपोआप बदलणारे गिअर आणि हाताने बदलायचे तेल

साहित्याच्या अभ्यासकांनी मोटारीच्या गिअरबॉक्समधील तेलाविषयी लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु यंत्राच्या इतिहासात भाषेचा प्रश्न वारंवार डोकावतो, आणि या तेलाच्या इतिहासात तो फारच स्पष्टपणे पुढे येतो. आज अनेक मोटारींच्या पुस्तिकांत स्वयंचलित गिअरबॉक्समधील तेल ‘आजीवन’ आहे, ते बदलण्याची गरज नाही, असे म्हटलेले असते. याच तेलाचा जवळजवळ पन्नास वर्षांचा इतिहास मात्र ते घरच्या घरी, गाडीखाली आडवे होऊन बदलणाऱ्या सामान्य अमेरिकी माणसांचा इतिहास आहे. ‘बदलावे लागणारे’ तेल ‘आजीवन’ कसे झाले आणि या शब्दबदलात मालकाच्या हातून काय निसटले, हे पाहण्याचा आमचा प्रयत्न आहे.

आरंभ १९३९चा. जनरल मोटर्सने त्या वर्षी ‘हायड्रा-मॅटिक’ हा पूर्णतः स्वयंचलित गिअरबॉक्स जाहीर केला आणि १९४०च्या ओल्ड्समोबिल गाड्यांत तो बसवून विकला. त्यामागील अभियंत्यांचा प्रमुख अर्ल थॉम्पसन होता. क्लचचे पायडल नाहीसे झाले. गिअर केव्हा बदलायचा, हा निर्णय चालकाच्या हाता-पायांकडून यंत्राकडे गेला. हा निर्णय अमलात आणणारे माध्यम म्हणजे तेल. एकमेकांसमोर ठेवलेल्या दोन पंख्यांपैकी एक चालू केला की त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागतो. त्याच रीतीने इंजिनाचे बळ तेलाच्या प्रवाहातून पुढे जाते. तेलाच्याच दाबाने आतील क्लच आणि पट्टे आवळले जातात, त्याच तेलाने चाके घासत नाहीत आणि तेच आतील उष्णता बाहेर वाहून नेते. साध्या गिअरबॉक्समध्ये तेल केवळ वंगण असते. इथे ते वंगण असतेच, शिवाय बळ वाहणारे आणि आज्ञा पोचवणारेही असते. म्हणून ते बिघडले की गाडी नुसती कुरकुरत नाही. तिचे वागणेच बदलते.

दुसऱ्या महायुद्धात हा गिअरबॉक्स अमेरिकी सैन्याच्या एम-५ स्टुअर्ट आणि एम-२४ शॅफी या हलक्या रणगाड्यांत बसवला गेला आणि तिथे तो टिकला. युद्धानंतर मागणी वाढली. १९५०मध्ये शेव्हरोलेचा ‘पॉवरग्लाइड’ आला, १९५१मध्ये फोर्डचा ‘फोर्डोमॅटिक’. तत्पूर्वी १९४९मध्ये जनरल मोटर्सने या तेलाचे ‘टाइप ए’ नावाचे प्रमाण ठरवले होते. इतिहासाच्या दृष्टीने ही घटना आम्हांला गिअरबॉक्सच्या शोधाइतकीच महत्त्वाची वाटते. कारण प्रमाण ठरल्यामुळे कोणतीही तेल कंपनी चाचणी उत्तीर्ण होऊन ते तेल बनवू शकत होती आणि कोणताही ग्राहक ते दुकानातून डब्याने विकत घेऊ शकत होता. त्यात लाल रंग मिसळण्याची रीत पडली. अंगणात गाडीखाली डाग दिसला, तर तो इंजिनाच्या तेलाचा की गिअरबॉक्सच्या, हे रंगावरूनच कळे. निर्मात्याने वापरणाऱ्याशी बोलण्याची ही एक साधी आणि प्रामाणिक खूण होती.

हे तेल घरी बदलण्याची कृती थोडक्यात सांगणे आवश्यक आहे, कारण पुढील विवेचन तिच्यावरच उभे आहे. गाडी थोडी चालवून तेल कोमट करायचे, सपाट जागी तिला उचलून भक्कम स्टँडवर ठेवायचे. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरणे जिवावर बेतू शकते. गिअरबॉक्सच्या तळाशी पत्र्याचे पसरट पॅन असते. बऱ्याच गाड्यांच्या पॅनला तेल सोडण्याचा बोल्टच नसे; मग कडेचे बोल्ट क्रमाने सैल करून पॅन एका बाजूने कलते करायचे आणि तेल खालच्या परातीत ओघळू द्यायचे. नंतर पॅन उतरवून स्वच्छ पुसायचे, फिल्टर आणि गॅस्केट नवे बसवायचे, बोल्ट बेताने आवळायचे आणि डिपस्टिकच्या नळीतून नरसाळ्याने नवे तेल ओतायचे. शेवटी इंजिन चालू ठेवून, ब्रेक दाबून, दांडा प्रत्येक गिअरमधून फिरवून आणायचा आणि तेलाची पातळी पाहायची. एवढे करूनही सगळे तेल बदलत नाही. बराच भाग आतल्या टॉर्क कन्व्हर्टरमध्ये अडकून राहतो आणि नव्यात जुने मिसळतेच.

या कृतीच्या मध्यभागी एक वाचन आहे. डिपस्टिकवरचे तेल लालसर आणि पारदर्शक असेल तर ठीक. काळपट असून जळका वास येत असेल तर आतील क्लचचे अस्तर जळत आहे. दुधट गुलाबी असेल तर पाणी शिरले आहे. पॅनच्या तळाशी लोहचुंबक असे. त्यावर साठलेली काजळीसारखी बारीक भुकटी ही नेहमीची झीज. पण धातूचे कण टोचण्याइतके मोठे लागले, तर पुढचा खर्च अटळ. शाळेच्या पुढे न शिकलेला माणूसही ही चिन्हे वाचू शकत होता. तो तज्ज्ञ नव्हता. पण आपल्या वस्तूच्या आत काय चालले आहे, हे त्याला स्वतःच्या डोळ्यांनी आणि नाकाने कळत होते.

या वाचनाला आधार देणारे गद्यही निर्माण झाले. अमेरिकेत चिल्टनची दुरुस्ती-पुस्तके होती. इंग्लंडमध्ये जॉन हेन्स यांनी १९६६पासून, गाडी प्रत्यक्ष सुटी करून पुन्हा जोडायची आणि त्यावरून पुस्तक लिहायचे, अशी मालिका सुरू केली. आज्ञार्थी क्रियापदे, आकृत्या आणि धोक्याच्या सूचना यांनी बनलेल्या या गद्याला समीक्षेने क्वचितच हात लावला. १९७४मध्ये रॉबर्ट पर्सिग यांची मोटारसायकलच्या देखभालीभोवती गुंफलेली ‘झेन अँड द आर्ट ऑफ मोटारसायकल मेंटेनन्स’ ही कादंबरी गाजली, तेव्हा कुठे या हातकामात विचार करण्याजोगे काही आहे, हे साहित्यव्यवहाराच्या ध्यानात आले. आपण वापरतो त्या यंत्राच्या आत डोकावण्याची इच्छाच नसणे, हा त्या कादंबरीतील एक कळीचा प्रश्न आहे.

इथवरचे चित्र स्वावलंबनाचे आणि मोहक आहे; परंतु ते अर्धेच आहे. डबा उघडून लाल तेल ओतणाऱ्या माणसाला त्या तेलात काय आहे, हे ठाऊक नव्हते. त्यात स्पर्म जातीच्या देवमाशाचे तेल होते.

देवमाशाचे तेल म्हटले की साहित्याच्या विद्यार्थ्याला १८५१चा मेलव्हिल आठवणारच. १८५९मध्ये पेन्सिल्व्हेनियातील टायटसव्हिल येथे ड्रेकच्या विहिरीतून खनिज तेल निघाले, केरोसीन स्वस्त झाले आणि दिव्यांसाठी देवमासे मारण्याची गरज ओसरली, असे सामान्यतः शिकवले जाते. खनिज तेलाने देवमाशाला वाचवले, ही त्या कथेची सोयीस्कर समाप्ती. प्रत्यक्षात खनिज तेलावर धावणाऱ्या यंत्रालाच पुन्हा देवमासा लागला. या माशाचे तेल रासायनिकदृष्ट्या नेहमीच्या चरबीहून निराळे, द्रवरूप मेणासारखे असते. उष्णतेत आणि दाबात ते तग धरते आणि धातूच्या पृष्ठभागाला चिकटून राहते. त्याच्यावर प्रक्रिया करून ते गिअरबॉक्सच्या तेलात मिसळले की क्लच हिसका न देता मऊपणे पकड घेतात. ‘टाइप ए’मध्ये आणि १९६७मध्ये आलेल्या पहिल्या ‘डेक्स्रॉन’मध्ये घर्षणावर ताबा ठेवण्याचे काम ते करत होते. विसाव्या शतकात मारले गेलेले स्पर्म देवमासे एकोणिसाव्या शतकातील संख्येहून अधिक भरतात, आणि ही शिकार १९६०च्या दशकात कळसाला पोचली होती. अर्थात, त्या शिकारीला इतरही अनेक उद्योग कारणीभूत होते. तरीही, गिअर बदलल्याचे जाणवू नये या चालकाच्या सुखाची किंमत एका सजीवाने अंशतः मोजली, हे नाकारता येत नाही.

१९७०मध्ये अमेरिकी सरकारने हा देवमासा संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत घातला आणि त्याच्या तेलाची आयात बंद होत गेली. १९७३च्या कायद्याने ती बंदी पक्की झाली. तेल कंपन्यांना पर्याय शोधावे लागले. सुरुवातीच्या काही मिश्रणांनी तेल थंड करणाऱ्या भागांतील धातू गंजवला आणि १९७०च्या दशकात ‘डेक्स्रॉन-२’ची सूत्रे पुन्हा पुन्हा बदलावी लागली. पर्यायांच्या या शोधात अमेरिका-मेक्सिकोच्या सोनोरा वाळवंटातील होहोबा या झुडपाकडे संशोधकांचे लक्ष गेले, कारण त्याच्या बियांचे तेलही असेच द्रव मेण असते.

घरच्या घरी तेल बदलणाऱ्याची दुसरी अडचण बदललेल्या तेलाची. १९६३मध्ये ‘पॉप्युलर सायन्स’ या प्रतिष्ठित मासिकाने जमिनीत खड्डा खणून, त्यात बारीक खडी भरून जुने तेल ओतण्याचा सल्ला छापला होता. तो त्या काळी शहाणपणाचा समजला गेला असावा. आज आपण त्याला भूजलाचे प्रदूषण म्हणतो. तेव्हा घरच्या कामाचा गौरव करताना त्याच्या परातीतले तेल कुठे गेले, हेही विचारले पाहिजे. आज जुने तेल बंद डब्यात भरून संकलन केंद्रावर देणे हा या कृतीचाच भाग मानला जातो.

यानंतरचा टप्पा ‘आजीवन’ या शब्दाचा. १९८०च्या दशकापासून गिअरबॉक्सचे नियंत्रण इलेक्ट्रॉनिक होत गेले, तेल कृत्रिम आणि अधिक टिकाऊ झाले आणि प्रत्येक निर्मात्याचे तेल वेगळे झाले. १९९०च्या दशकापासून अनेक गाड्यांतून डिपस्टिक नाहीशी झाली. तिच्या जागी बाजूला किंवा तळाशी एक बोल्ट आला. इंजिन चालू असताना, तेलाचे तापमान ठरावीक अंशांत असतानाच तो उघडून पातळी पाहायची. निर्मात्यांची कारणे खोटी नव्हती. भलतेच तेल ओतणे, जास्त भरून फेस आणणे, उघड्या नळीतून कचरा आत जाणे, ही घरच्या कामातील नेहमीची संकटे होती. परंतु डिपस्टिक गेली, त्यासरशी रंग पाहण्याची आणि वास घेण्याची वाटही गेली. मजकूर आत तसाच राहिला, वाचकाला मात्र प्रवेश उरला नाही.

आणि ‘आजीवन’ म्हणजे कोणाचे जीवन? तेल उष्णतेने जुने होतेच. अनेक निर्मात्यांना गिअरबॉक्स पुरवणारी झेडएफ ही जर्मन कंपनी स्वतः तेल बदलण्याचे तयार संच विकते आणि साधारण ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरनंतर तेल बदलावे असे सुचवते. त्याच गिअरबॉक्सच्या गाडीची पुस्तिका मात्र तेल आजीवन असल्याचे सांगताना आढळते. येथे ‘जीवन’ हा शब्द पहिल्या मालकाला नजरेसमोर ठेवून योजलेला दिसतो. दुसऱ्या-तिसऱ्या हाताने गाडी घेणारा, म्हणजे बहुधा कमी ऐपतीचा ग्राहक, त्या व्याख्येतून वगळला जातो. गिअरबॉक्स बिघडला की बिल त्याच्याच नावे निघते.

या वगळण्याला विरोध झाला, तोही भाषेच्याच मार्गाने, म्हणजे कायद्याच्या. १९७५च्या मॅग्नसन-मॉस कायद्याने, हमी टिकवण्यासाठी विशिष्ट कंपनीचाच सुटा भाग किंवा सेवा घेण्याची सक्ती सामान्यतः बेकायदा ठरवली. २०१२मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी मोटार-दुरुस्तीच्या हक्काच्या बाजूने कौल दिला. दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजांना आणि मालकांना मिळावी, ही त्यातील मागणी होती. ज्ञान विकत मिळावे की हक्काने, हा वाद अद्याप मिटलेला नाही.

मराठीत ‘वंगण’ हा शब्द मोटारीच्या फार आधीचा, बैलगाडीच्या आसाशी जोडलेला आहे. गाडीवानाला वंगण केव्हा संपले, हे चाकाच्या आवाजावरून कळे आणि ते घालणे त्याच्याच हातचे काम होते. आता आपल्याकडेही स्वयंचलित गिअरच्या गाड्या वाढत आहेत. प्रत्येकाने गाडीखाली शिरून तेल बदलावे, असे आम्ही म्हणत नाही. बहुतेकांनी ते जाणत्या मेकॅनिककडेच सोपवावे. मात्र पुस्तिकेतील ‘आजीवन’ हा शब्द आपण कविता वाचतो तितक्या संशयाने आणि आस्थेने वाचावा, आणि तो कोणी, कोणासाठी, किती काळापुरता लिहिला आहे, हे विचारावे. वर्गात आपण विद्यार्थ्यांना हेच शिकवत असतो.