तुळई कशावर टेकली आहे?

संशोधनासाठी विषय शोधताय ना? मग एखाद्या जुन्या घरात शिरा आणि मान वर करून एवढंच विचारा: छताची तुळई कशावर टेकली आहे?

हा प्रश्न मला जाफराबाद तालुक्यात, आजोळी सापडला. तिथं माळवदाचा एक खण उतरवून ट्रॅक्टरसाठी पत्र्याचं गॅरेज करायचं होतं. छतावरची माती काढली, तर कड्यांची टोकं भिंतीवर नुसती ठेवलेली. खिळा नाही, पट्टी नाही. मामा म्हणाले, "एवढा भार डोक्यावर, ती जाती कुठं?"

मामांचं बरोबर होतं. हिशेब करून बघा. एका घनमीटर मातीचं वजन साधारण १,६०० किलो. थर अर्धा मीटर धरला, तर दहा बाय दहाच्या खोलीवर सात टनांहून जास्त भार येतो. तो वाऱ्याला हलत नाही, उन्हात घर थंड ठेवतो. म्हणजे इथं वजन हाच खिळा.

पण जमीन हलली की हाच हिशेब उलटतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. लातूर-उस्मानाबाद भागात सुमारे ८ हजार माणसं गेली. आपण सरसकट म्हणतो, 'दगडमातीची घरं पडली.' इथंच थांबा. छत जितकं जड, तितका धक्क्याचा जोर जास्त. शिवाय त्या जाड भिंती आतून दोन पदरी. पदर सुटले की भिंत फुगून ढासळते. कड्या थेट भिंतीवर असल्या, तर माती खाली येते. पण छत लाकडी खांबांवर होतं अशा काही घरांत भिंती बाहेर पडल्या आणि छत उभं राहिलं. दगड तोच, माती तीच. फरक आधाराचा आणि जोडाचा.

पुढे जागतिक बँकेच्या मदतीनं पुनर्वसन झालं. त्यात नवी गावं वसली, तशी जुनी घरं मजबूत करण्याचंही काम झालं: छतावरची माती कमी करणं, खांब-तुळई तिरप्या आधारांनी बांधणं, भिंतीचे दोन पदर सांधणं. आयएस १३८२८ हे मानक १९९३ चंच. त्यात दर ६०० मिलीमीटर उंचीला, १.२ मीटरच्या आत एक असे आरपार दगड घालायला सांगितलंय.

आता गॅरेजकडे या. माती गेली, म्हणजे खिळाही गेला. हलका पत्रा वारा उचलतो. म्हणून लोक वर दगड ठेवतात, जुनीच युक्ती! बोल्ट मातीच्या सांध्यात ठोकला तर उपटून येतो. भिंतीच्या माथ्यावर सळईचा काँक्रीट पट्टा, त्यात रोवलेले बोल्ट आणि त्यांना आवळलेले पाइप, असा जोड लागतो. आम्ही तेच केलं. पट्ट्यानं खर्च वाढला, मामा कुरकुरले.

तुमच्या प्रबंधातही 'घरं पडली' असं एक वाक्य असेलच. ते लिहिण्याआधी बघा: कुठली पडली, कुठली उभी राहिली, आणि त्यांच्यात नेमका कुठला जोड वेगळा होता. माळवदं झपाट्यानं उतरतायत. मोजपट्टी घेऊन लवकर जा.