दिवसभर घरी कोण असतं?

नोकरी करणाऱ्यानं कुत्रा पाळू नये, हे मत आता इतकं रुळलंय की प्राण्यांसाठी झटणारी मंडळीच ते सर्वांत ठामपणे मांडतात. सोडवून आणलेला कुत्रा दत्तक मागायला गेलं की सुरुवातीलाच विचारतात, दिवसभर घरी कोण असतं? ‘कोणी नाही’ म्हटलं की बोलणं तिथंच खुंटतं. ज्या जिवाला माणसांनी एकदा टाकलं, त्याला रोज आठ-दहा तास बंद घरात ठेवणं म्हणजे पुन्हा टाकणंच, असा हा पूर्वपक्ष. त्यामागचा कळवळा खरा आहे. निष्कर्ष मात्र चुकीचा आहे आणि त्याची किंमत कुत्रे मोजतात.

मुळात हे कुत्रे कोण? भटक्या कुत्र्याची नसबंदी झाली की त्याला उचललं त्याच भागात परत सोडायचं, हे तत्त्व 2001च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत होतं आणि त्यांच्या जागी आलेल्या 2023च्या नियमांतही आहे. गल्लीत रुळलेला, टपरीवाल्यापासून वॉचमनपर्यंत सगळ्यांना ओळखणारा धडधाकट कुत्रा उचलून सातव्या मजल्यावर कोंडावा, असं मी मुळीच म्हणत नाही. त्याला त्याची जागा आहे. दत्तकासाठी थांबलेले असतात ते परत सोडता न येणारे. कुणाचा गाडीखाली पाय गेलेला, कुणाची दृष्टी गेलेली, कुणाला मालकानं बदली झाली म्हणून रस्त्यावर सोडलेलं. त्यांच्यासमोर ‘भरलेलं घर की नोकरदाराचं घर’ अशी निवड क्वचितच असते. निवड असते ती नोकरदाराचं घर की निवाऱ्यातला पिंजरा, अशी. निवाऱ्यातल्या एकेका कामगाराच्या वाट्याला कितीतरी कुत्रे येतात. सतत भुंकण्याचा गलका असतो, आणि रात्री उशाशी कोणी नसतं. एकटेपणाच मोजायचा असेल तर तो तिथलाही मोजावा.

आता बंद घरातल्या तासांकडे येऊ. वयात आलेला कुत्रा दिवसातले निम्मे तास तरी झोपेत काढतो आणि त्याची खरी हुशारी सकाळ-संध्याकाळी दिसते. स्वीडनमधल्या रेन आणि कीलिंग या संशोधकांनी 2011 साली घरच्या कुत्र्यांना अर्धा तास, दोन तास आणि चार तास एकटं ठेवून पाहिलं. अर्ध्या तासापेक्षा दोन तासांनंतर मालकाचं स्वागत जास्त जोरात झालं, पण दोन आणि चार तासांत तसा फरक दिसला नाही. यावरून आठ तास चालतील असं सिद्ध होत नाही, आणि मी ते ओढूनताणून सिद्ध करणार नाही. मात्र प्रत्येक तासागणिक यातना वाढतच जातात, या समजुतीला त्यातून आधार मिळत नाही. त्याच स्वीडनचा नियम सांगतो की दिवसा कुत्र्याला निदान दर सहा तासांनी बाहेर न्यावं. ब्रिटनमधल्या प्राणिसंस्था साधारण चार तासांची मर्यादा सांगतात. दोन्ही देशांत नोकरदार कुत्रे पाळतात. तिथली अट सलग एकटेपणा तोडण्याची आहे.

आपला कायदाही याच दिशेनं बोलतो. 1960च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं कलम 11 आखूड साखळीला अवाजवी वेळ बांधून ठेवणं आणि नेहमी बांधलेल्या किंवा कोंडलेल्या कुत्र्याला पुरेसं न फिरवणं यांना क्रूरता म्हणतं. घरात चार माणसं आणि कुत्रा मात्र दिवसभर बाल्कनीच्या ग्रिलला, हे दृश्य आपल्या सोसायट्यांत नवं नाही. अशा घराला ‘कोणीतरी असतं’ म्हणून पसंती मिळते आणि दोन वेळा तासभर चालायला नेऊ शकणारी एकटी नोकरदार मुलगी नाकारली जाते.

या प्रश्नातलं ‘कोणीतरी’ म्हणजे कोण, हेही बोललं पाहिजे. ती बहुतेक वेळा घरची बाई असते, सून किंवा आई. तिला कुत्रा हवा होता का, हे कोणी विचारत नाही. तिचा दिवस गृहीत धरून घराला पात्र ठरवायचं, हा निकष मला अन्यायाचा वाटतो.

म्हणजे नोकरदारानं कसाही, कुठलाही कुत्रा आणावा का? नाही. पिल्लू तर आणूच नये. दोन-तीन महिन्यांच्या पिल्लाला काही तासही लघवी धरता येत नाही, आणि माणसांची, आवाजांची सवय लागण्याचं त्याचं वय बंद दाराआड वाया जातं. तीन-चार वर्षांचा, स्वभाव कळलेला कुत्रा नोकरदाराला योग्य. डोंबिवलीहून चर्चगेट गाठणाऱ्याचे घराबाहेर अकरा-बारा तास सहज जातात, तेव्हा दुपारी दार उघडणारं माणूस हवंच. पगारी फिरवणारा, शेजारचे निवृत्त काका, कामाला येणाऱ्या मावशी, कोणीही चालेल, पण त्यांच्या मर्जीनं आणि कामाचे पैसे देऊन. मे महिन्यात डांबरानं पंजे भाजतात, तेव्हा दुपारची फेरी सावलीतली आणि छोटी असावी.

काही कुत्र्यांना एकटेपणा खरोखरच सोसत नाही. मालक गेल्यावर थोड्याच वेळात ते दार ओरबाडतात, लाळ गाळतात, थांबता थांबत नाहीत. ही खोडी नसून घबराट असते. शिक्षेनं ती वाढते, आणि सोबतीला दुसरा कुत्रा आणून ती बहुधा जात नाही. म्हणून पहिल्या आठवड्यांत रजा काढावी आणि पाच मिनिटांपासून सुरू करून बाहेर राहण्याचा वेळ हळूहळू वाढवावा. तरीही जमलं नाही तर प्राणिवैद्याला गाठावं. अशी लक्षणं आधीच दिसलेला कुत्रा नोकरदाराला देऊ नये, हे मला मान्य आहे. पण तो निर्णय त्या कुत्र्याकडे पाहून व्हावा.

निवारे चालवणाऱ्यांना माझी विनंती आहे की नोकरी आहे म्हणून अर्ज बाजूला ठेवू नका. दुपारी कोण येणार ते विचारा, त्या माणसाला भेटा, महिन्याभरानं घरी जाऊन पाहा. आणि दत्तक घेऊ पाहणाऱ्या नोकरदारांनी पिल्लांच्या खोलीपाशी न रेंगाळता मोठ्या कुत्र्यांकडे जावं. तिथं त्यांना रोज खाऊ घालणाऱ्या माणसाला विचारावं, यातला कोण एकटा शांत राहतो. ते त्याला नेमकं ठाऊक असतं.