गांवचा माणूस आणि राज्याची सभा

बीड शहरांतून मांजरसुंब्याच्या रस्त्यानें दक्षिणेस निघालें, म्हणजे सोळाव्या शतकांतील निजामशाहीच्या काळची खजाना बावडी लागते, आणि त्याच वाटेवर बिंदुसरेच्या कांठीं पाली हें गांव आहे. बालाघाटाच्या डोंगरांतून आलेली ही नदी पालीजवळच्या धरणांत अडविली आहे. पाणी कोठून यावें, कोणत्या पाटानें जावें व कोणाच्या शेतास पोंचावें, ह्याचा विचार ह्या भूमीनें शतकानुशतकें केला. परंतु आपलें गाऱ्हाणें कोणाच्या मुखानें राज्याच्या सभेस पोंचावें, हें ठरविण्याचा अधिकार मात्र तिला फार उशिरां मिळाला. आपल्या भागांतील कोणी गृहस्थ किंवा भगिनी विधानसभेस उभी राहिली, म्हणजे घरोघर त्याचीच चर्चा होते. ही चर्चा जणूं अनादि आहे असें तरुण वाचकांस वाटत असेल, म्हणून तिचा पूर्ववृत्तांत येथें थोडक्यांत देण्याचें आम्ही योजिलें आहे.

बीड जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता. तेथें रयतेनें कर भरावा व हुकूम ऐकावा, एवढाच तिचा राज्यकारभाराशीं संबंध असे. सन १९३८ मध्यें हैदराबाद स्टेट काँग्रेसवर बंदी आली. पुढच्याच वर्षीं ज्या राजकीय सुधारणा जाहीर झाल्या, त्यांतही सरसकट प्रौढ मताधिकार नव्हता. निरनिराळे धंदे व हितसंबंध ह्यांस प्रतिनिधी देण्याची ती योजना होती. ता. १३ सप्टेंबर १९४८ रोजीं भारतीय सेना संस्थानांत शिरली आणि ता. १७ रोजीं निजामानें शरणागति पत्करली. त्यानंतर सवा वर्षानें, ता. २६ जानेवारी १९५० रोजीं, राज्यघटना अंमलांत आली आणि एकवीस वर्षें पूर्ण झालेल्या प्रत्येक स्त्रीपुरुषास मताचा अधिकार लाभला. पाटील आणि त्याचा सालगडी ह्यांचें मत त्या दिवसापासून सारख्याच वजनाचें झालें. सन १९८९ पासून ही वयोमर्यादा अठरा वर्षें आहे.

पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ च्या हिंवाळ्यांत झाली. हैदराबाद राज्याच्या विधानसभेंत तेव्हां १७५ जागा होत्या. बहुतेक मतदारांस अक्षरओळख नसल्यामुळें प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी ठेवीत व तिच्यावर त्याचें चिन्ह लावीत. मतपत्रिकेवर खूण करावयाची नसे. ती इष्ट पेटींत टाकली कीं काम झालें. ह्याच निवडणुकीच्या वेळीं देशांतील, विशेषतः उत्तरेकडील, सुमारें २८ लक्ष स्त्रियांचीं नांवें यादींतून वगळावीं लागलीं, कारण त्यांनीं स्वतःचें नांव न सांगतां अमक्याची आई, तमक्याची बायको एवढेंच सांगितलें होतें. नांवावांचून मत नाहीं, हा धडा देशानें तेव्हां घेतला. पुढें ता. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं मराठवाडा मुंबई राज्यास जोडला गेला व ता. १ मे १९६० रोजीं महाराष्ट्र राज्य झालें. बीडच्या आमदाराचा मार्ग हैदराबादेऐवजीं मुंबईस व हिंवाळी अधिवेशनास नागपुरास वळला.

आतां गांवच्या उमेदवाराविषयीं कायदा काय म्हणतो तें पाहूं. विधानसभेस उभा राहणारा मनुष्य भारताचा नागरिक असावा, त्यास पंचवीस वर्षें पूर्ण झालेलीं असावीं आणि राज्यांतील कोणत्याही मतदारसंघाच्या यादींत त्याचें नांव असावें. तो त्याच मतदारसंघांत राहणारा असावा, असा नियम नाहीं. पूर्वीं अनामत अडीचशें रुपये असे. आतां ती सर्वसाधारण उमेदवारास दहा हजार व अनुसूचित जाति-जमातींच्या उमेदवारास पांच हजार आहे. वैध मतांच्या एकषष्ठांशाहून अधिक मतें न मिळाल्यास पराभूत उमेदवाराची ती रक्कम जप्त होते. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवारास एक सूचक पुरतो, तर अपक्षास दहा लागतात. म्हणजे गांवांतला साधा मनुष्य उभा राहूं शकतो; मात्र दहा शेजाऱ्यांनीं आपल्या सहीनें त्यास पुढें केलें पाहिजे.

कायदा गांव विचारीत नाहीं, तरी लोक विचारतात. परंतु बीडच्या लोकांनीं केवळ गांव पाहूनच मत दिलें, असेंही इतिहास सांगत नाहीं. सन १९६७ मध्यें ह्या जिल्ह्यानें क्रांतिसिंह नाना पाटील ह्यांस लोकसभेवर पाठविलें. ते वाळवें तालुक्यांतील येडेमच्छिंद्रचे, म्हणजे कृष्णाकांठचे. गोदावरीच्या खोऱ्यांतील ह्या जिल्ह्यास ते परकेच. सन १९८९ मध्यें बबनराव ढाकणे निवडून आले, तेही शेजारच्या अहमदनगर जिल्ह्यांतील पाथर्डीकडचे. विचार पटला किंवा काळाची हवा पालटली, म्हणजे लोक शिवेबाहेरच्या मनुष्यासही आपला म्हणतात.

ढाकणे ह्यांनीं ज्यांचा पराभव केला, त्या केशरबाई क्षीरसागर मात्र अगदीं ह्याच मातीच्या. बीड तालुक्यांतील नवगण राजुरी हें त्यांचें गांव. गांवच्या सरपंचपदापासून त्यांनीं आरंभ केला, पुढें त्या विधानसभेंत गेल्या आणि सन १९८०, १९८४ व १९९१ अशा तीन वेळां लोकसभेवर निवडून आल्या. ज्या काळीं ग्रामपंचायतीच्या चावडींत स्त्रीनें बसणें हीच नवलाची गोष्ट होती, त्या काळीं एका खेड्यांतील स्त्रीनें दिल्लीपर्यंत जावें, ही गोष्ट आमच्या वाचक भगिनींनीं विशेष ध्यानांत ठेवावी. पहिल्या निवडणुकींत स्वतःचें नांव सांगावयास लाजणाऱ्या स्त्रियांच्या देशांत अवघ्या तीस वर्षांत हा पालट घडला.

दुसरें उदाहरण परळी तालुक्यांतील नाथ्रा गांवचे गोपीनाथ मुंडे ह्यांचें. ते १९८० मध्यें रेणापूर मतदारसंघांतून विधानसभेवर गेले. १९८५ मध्यें त्याच लोकांनीं त्यांस पराभूत केलें. १९९० मध्यें त्यांसच पुन्हां निवडलें. पुढें ते १९९५ ते १९९९ पर्यंत राज्याचे उपमुख्यमंत्री झाले. पराभव म्हणजे शेवट नव्हे, आणि विजय म्हणजे मालकी नव्हे, हे दोन्ही बोध ह्या एकाच चरित्रांत आहेत.

मालकीची गोष्ट निघाली म्हणून आणखी एक नोंद करितों. सन १९१९ च्या पिढीस जें स्वप्नांतही आलें नसतें, तें शंभर वर्षांनीं, २०१९ च्या निवडणुकींत घडलें. बीड मतदारसंघांत काका जयदत्त क्षीरसागर व पुतणे संदीप क्षीरसागर समोरासमोर उभे राहिले, व पुतण्याचा दोन हजारांहून कमी मतांनीं विजय झाला. त्याच वेळीं परळींत धनंजय मुंडे व पंकजा मुंडे हीं चुलत भावंडें एकमेकांविरुद्ध लढलीं, व धनंजय निवडून आले. दोन्ही उमेदवार गांवचेच, इतकेंच नव्हे तर एकाच घराण्याचे! अशा वेळीं 'आपला माणूस' ह्या शब्दाचा मतदारास कांहीं उपयोग होत नाहीं. उमेदवार कोणाचा कोण, हें सोडून तो काय करणार, हेंच त्यास विचारावें लागतें.

आणि ह्या जिल्ह्यांत विचारण्याजोगें पुष्कळ आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास येथील हजारों कुटुंबें मुकादमाकडून उचल घेऊन ऊंसतोडीस पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात. नवराबायको मिळून एक 'कोयता' समजला जातो. विधानसभेचें मतदान २०१४ व २०१९ मध्यें आक्टोबरांत होतें. २०२४ मध्यें तें ता. २० नोव्हेंबर रोजीं झालें, आणि साखर कारखान्यांचा हंगाम तर त्याच सुमारास सुरू होतो. टपालानें मत देण्याची सोय सैनिकांस, निवडणुकीच्या कामावरील नोकरांस, तसेंच अतिवृद्ध व अपंग मतदारांस आहे. फडांत असलेल्या ऊंसतोड मजुरास ती नाहीं. मतासाठीं यावें तर मजुरी बुडते व गाडीभाडें पडतें. न यावें तर ज्यांचें गाऱ्हाणें सर्वांत मोठें, त्यांचाच आवाज पेटींत पडत नाहीं. १९५० मध्यें ज्या मताचें वजन सर्वांस सारखें ठरलें, तें मत घरापासून दोनशें मैलांवर असलेल्या मनुष्याच्या हातीं कसें द्यावें, हा प्रश्न अद्यापि सुटलेला नाहीं. गांवच्या उमेदवारानें सभेंत प्रथम मांडावा असा हा प्रश्न आहे, असें आमचें मत आहे. कारण रिकाम्या घरांचीं कुलुपें त्यानें स्वतःच्या आळींत पाहिलेलीं असतात.

राज्याच्या विधानसभेंत २८८ सभासद बसतात. त्यांपैकीं एकाच्या निवडींत पालीच्या मतदाराचा वांटा असतो. तो वांटा लहान खरा, पण दोन हजारांच्या आंत निकाल लागतो तेथें एका गांवचीं मतेंही तराजू फिरवूं शकतात. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानुसार २००३ पासून प्रत्येक उमेदवारास आपली मालमत्ता, शिक्षण व आपल्यावरील फौजदारी प्रकरणें शपथेवर लिहून द्यावीं लागतात. तें पत्रक मागून वाचावें, न वाचतां येणाऱ्या शेजाऱ्यास वाचून दाखवावें. पाण्याविषयीं, ऊंसतोड मजुरांच्या मुलांच्या शाळेविषयीं व उचलीच्या हिशेबाविषयीं उमेदवारास भर सभेंत विचारावें, आणि त्याचें उत्तर पांच वर्षें लक्षांत ठेवावें. शेजारी म्हणून त्यास पाणी द्यावें, पाहुणा म्हणून मान द्यावा. परंतु मत देतांना तो आपला किती, ह्याहून तो सर्वांचा किती, हेंच तोलावें. आमच्या वडील पिढीस हा अधिकार फुकट मिळाला नाहीं; आम्हीं तो फुकट दवडूं नये, एवढेंच ह्या प्रसंगीं आमचें नम्र सांगणें आहे.